चाकरमान्यांचा गणेशोत्सव आणि श्वसनविषाणूंपासून बचाव : सिंधुदुर्गच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
सिंधुदुर्ग जिल्ह्याचे कौटुंबिक जीवन मुंबईतील नोकरीशी निगडित आहे. 2011 च्या जनगणनेनुसार येथे दर हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया होत्या. पुरुषांचे स्थलांतर हे यामागील एक प्रमुख कारण होय. गणेशोत्सवात चाकरमानी गावी परततात आणि त्याच सुमारास, पावसाळ्यात, इन्फ्लुएन्झाचाही प्रादुर्भाव वाढतो. गावच्या घरी बहुधा वृद्ध माणसे असतात. 2020 मध्ये कोविड-19 च्या साथीत चाकरमान्यांचे विलगीकरण कोकणात वादाचा विषय ठरले होते. येणाऱ्या माणसाला न अडवता विषाणूची वाट कशी अडवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संसर्गाचे स्वरूप :
खोकताना, बोलताना व गाताना श्वासावाटे लहानमोठे कण बाहेर पडतात. मोठे कण लवकर खाली बसतात. सूक्ष्म कण मात्र बंद खोलीत बराच काळ तरंगत राहतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट परगण्यात 10 मार्च 2020 रोजी समूहगायनाच्या अडीच तासांच्या सरावास 61 जण उपस्थित होते. त्यांपैकी एकास लक्षणे होती. त्या व्यक्तीसह 53 जण निश्चित वा संभाव्य रुग्ण ठरले आणि दोघांचा मृत्यू झाला.

हे उदाहरण आपल्याला दूरचे वाटू नये. आपल्याकडे वाडीतील तीच मंडळी आरती-भजनासाठी एका घरातून दुसऱ्या घरी जातात. पावसामुळे खिडक्या लावलेल्या असतात आणि माजघरात दाटी असते. अशा वेळी एक आजारी गायक अनेक घरांना जोडणारा दुवा ठरू शकतो.

प्रतिबंधक उपाय :
1. ताप, खोकला वा घसादुखी असलेल्याने भजनास जाऊ नये व वृद्धांपासून वेगळ्या खोलीत राहावे. इन्फ्लुएन्झाचा रुग्ण लक्षणांच्या एक दिवस आधीपासून सुमारे पाच ते सात दिवस संसर्ग पसरवू शकतो. म्हणून केवळ आजाऱ्याला वेगळे ठेवणे पुरेसे नाही.
2. आरतीच्या वेळी माजघरात मोजकीच माणसे असावीत. भजन छप्पर असलेल्या मोकळ्या पडवीत करावे. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी.
3. रेल्वे वा एस.टी.च्या गर्दीत नाक व तोंड पूर्ण झाकणारा मास्क वापरावा. हनुवटीवर उतरवलेल्या मास्कचा उपयोग नाही.
4. साबणाने किमान 20 सेकंद हात धुवावेत. खोकताना रुमाल वा कोपर तोंडावर धरावे.
5. वृद्ध, गरोदर स्त्रिया तसेच मधुमेह, दमा वा हृदयविकार असलेल्यांनी इन्फ्लुएन्झाच्या लसीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लसीचा परिणाम होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, हे ध्यानात घेऊन ती सणापूर्वीच घ्यावी.
6. प्रतिजैविके विषाणूंवर निरुपयोगी असतात. ती स्वतःहून घेऊ नयेत. धाप लागणे, ओठ निळसर पडणे, गोंधळल्यासारखे होणे किंवा रक्तातील ऑक्सिजन 94 टक्क्यांखाली जाणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.

समारोप :
भजन बंद करा, असे सांगणारा सल्ला वाडीत कोणी मानणार नाही. भजन पडवीत घ्या, हे सहज पटू शकेल. लोकरीतीला धरून दिलेला सल्लाच आचरणात येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांमार्फत महाविद्यालयांनी गणेशोत्सवापूर्वी वाडी-वाडीवर हा विचार पोहोचविल्यास चाकरमान्यांचे स्वागत आणि वृद्धांचे रक्षण या दोन्ही गोष्टी साधता येतील.