केळीच्या खोक्यामागे एक डॉलर

फळांचा व्यापार करणाऱ्यांना हे सांगायला नको, की हा माल कोणासाठी थांबत नाही. कापड पडून राहिले तर पुढच्या सणाला खपते, लोखंड गंजले तरी भंगारात जाते; पण केळीचा घड एकदा झाडावरून उतरला की हातात मोजकेच दिवस उरतात. ही घाई व्यापाऱ्याला असते, त्याहून अधिक लहान बागायतदाराला असते. ज्याच्यापाशी शीतगृह नाही, गाडी नाही आणि दुसरे गिऱ्हाईकही नाही, तो समोरचा सांगेल तो भाव घेऊन घरी जातो.

युरोपच्या दुकानांत ‘फेअरट्रेड’ हे चिन्ह लावलेली केळी विकली जातात. मराठीत याला रास्त व्यापार म्हणता येईल. ही कल्पना दान-धर्माची आहे असा अनेकांचा समज असतो, तो बरोबर नाही. हा सरळ सौदा आहे, फक्त त्याच्या अटी आगाऊ ठरलेल्या आहेत. हॉलंडमध्ये 1988 साली कॉफीपासून या चिन्हाची सुरुवात झाली आणि 1996 मध्ये केळी त्यात आली.

अटी थोडक्यात अशा. लहान शेतकऱ्यांनी संघटना करायची. माल तिच्यामार्फत जातो. त्या त्या देशातील उत्पादन खर्च पाहून खोक्याचा किमान भाव ठरविला जातो. बाजार त्याच्या खाली गेला तरी खरेदीदाराने किमान भाव द्यायचाच, आणि बाजार वर गेला तर बाजारभाव द्यायचा. याखेरीज 18.14 किलोच्या प्रत्येक खोक्यामागे एक अमेरिकन डॉलर वेगळा द्यायचा. हा डॉलर शेतकऱ्याच्या खिशात जात नाही, संघटनेच्या खात्यात जमा होतो. तो कशावर खर्च करायचा हे सभासद सभा भरवून ठरवितात. समजा एखादी संघटना आठवड्याला 1,000 खोकी पाठवते, तर वर्षाला 52,000 डॉलर गावाच्या हाती येतात. एका कुटुंबाला जो रस्ता कधीच बांधता आला नसता, तो अशा रकमेतून बांधता येतो.

याचा खरा कस कॅरिबियन समुद्रातील विंडवर्ड बेटांत लागला. सेंट लुशिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा ही ती चार बेटे. डोंगरउतारावर दोन-चार एकरांच्या बागा, घरच्यांचीच मजुरी, बऱ्याच बागा बायकांच्या नावावर. 1950 च्या दशकापासून येथली केळी बोटीने ब्रिटनला जाऊ लागली. केळीची एक खुबी अशी, की आंब्यासारखा तिचा एकच हंगाम नसतो. कापणी वर्षभर चालू राहते, म्हणून पैसाही थोडा थोडा पण सतत येतो. दुकानाची उधारी, शाळेची फी, पावसाआधी छप्पर दुरुस्त करणे, सगळे याच पैशावर. लोक तिला हिरवे सोने म्हणत.

ही घडी मोडली ती वसाहतीच्या काळापासून चालत आलेल्या सवलतीमुळे. या बेटांच्या मालाला युरोपात जी सूट मिळे, तिच्याविरुद्ध अमेरिकेने आणि लॅटिन अमेरिकेतील काही देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. 1997 साली निकाल युरोपच्या विरोधात गेला. मध्य अमेरिकेतील हजारो एकरांच्या मळ्यांपुढे या डोंगरी बागांचा टिकाव कसा लागणार? 1990 च्या सुमारास वीस हजारांवर शेतकरी केळी पिकवीत होते. 2000 नंतरच्या काही वर्षांत ते पाच हजारांच्या आत आले. उरलेल्यांना तारले ते बऱ्याच अंशी रास्त व्यापाराने. 1982 पासून काम करणाऱ्या ‘विन्फा’ या त्यांच्या संघटनेने पुढाकार घेतला, आणि 2000 साली फेअरट्रेड चिन्हाची केळी ब्रिटनला रवाना झाली. 2007 मध्ये सेन्सबरी या मोठ्या ब्रिटिश दुकानसाखळीने आपली सर्व केळी फेअरट्रेडचीच ठेवली, तेव्हा बेटांवरील बहुतेक माल या चिन्हाखाली जाऊ लागला होता.

घरात काय बदलले? आमच्या मते भाव किती वाढला यापेक्षा भाव आधी कळू लागला, ही मोठी गोष्ट. पुढच्या महिन्यात खोक्याला किमान किती मिळणार हे माहीत असले की माणूस खताची उधारी हिशेबाने करतो आणि मुलाला मध्येच शाळेतून काढत नाही. संघटनेच्या डॉलरमधून शेतरस्ते झाले, शाळांना साहित्य मिळाले. ऑगस्ट 2007 च्या ‘डीन’ वादळाने सेंट लुशिया आणि डॉमिनिकामधील बागा आडव्या केल्या, तेव्हा पुन्हा लागवड करताना असा निधी हाताशी असणे किती मोलाचे, हे ज्याचे दुकान एकदा जळाले आहे तोच जाणे.

तक्रारीही आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. तणनाशक मारण्यावर निर्बंध असल्याने तण बरेचसे हाताने काढावे लागते. घरात माणसे कमी असतील तर मजुरीत नफा निघून जातो. तपासणीची फी, नोंदवह्या, पाण्याची आणि साठवणीची शिस्त, हे अल्पशिक्षित शेतकऱ्याला जड जाते. शिवाय संघटनेचा सगळाच माल या अटींवर उचलला जाईल याची हमी कोणी देत नाही. जेवढा खरेदीदार घेईल तेवढाच, बाकीचा नेहमीच्या भावाने. ब्रिटनमधील मोठी दुकाने गिऱ्हाईक खेचण्यासाठी केळी पडत्या भावात विकतात, तेव्हा खालपर्यंत सगळ्यांवर दाब येतो. 2010 मध्ये ‘टोमास’ वादळ आले, मागोमाग पानांवरचा काळा करपा आला. आज तेथून ब्रिटनला जाणारा माल पूर्वीच्या मानाने अगदी थोडा आहे. किमान भावाने वादळ थांबत नाही.

आता व्यापाऱ्याच्या बाजूने पाहू. मध्यस्थ नको अशी ही योजना आहे असे काही जण सांगतात. इक्वेडोरमधील एल ग्वाबो येथे 1997 साली 14 लहान बागायतदारांनी निर्यातदाराला वगळून स्वतःचा एक कंटेनर युरोपला पाठविला, ही हकीकत त्यासाठी नेहमी दिली जाते. पण बोट भरणारा, केळी पिकवणारी खोली चालविणारा, दुकानापर्यंत माल नेणारा कोणीतरी लागतोच. एल ग्वाबोवाल्यांनाही युरोपात घेणारा लागला. फरक इतकाच की त्याची कमाई कागदावर दिसते. आपल्याकडे जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा बाजार बंद राहिले. वाद अडत असावी की नसावी हा नव्हता, ती कोणाच्या पट्टीतून कापावी हा होता. रास्त व्यापारातही तोच प्रश्न आहे, आणि तेथे जादा बोजा शेतकऱ्यावर नाही, घेणाऱ्यावर टाकला आहे.

आपल्यातील जे कोणी युरोपला फळे पाठविण्याच्या विचारात असतील त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिन्ह हवे असेल तर तपासणी केवळ शेताची होत नाही. व्यापाऱ्याचे करारपत्र, त्याने दिलेला भाव, संघटनेला पोचलेला डॉलर आणि पैसे चुकते केल्याची तारीख, सगळे तपासनीस पाहतो. तोंडी सौदा आणि चिठ्ठीवरचा हिशेब तेथे चालत नाही, आणि त्या तपासणीची फी व्यापाऱ्याला स्वतःच भरावी लागते.