पाय हलला, पण तिला कळलं का?

“डॉक्टर, पाय ओढून घेतला बघा तिनं! म्हणजे बरी होतेय ना?”

टेबलावर पाच वर्षांची डॅशहंड कुत्री. आदल्या रात्री सोफ्यावरून उडी मारली आणि सकाळी मागचे दोन्ही पाय लुळे. बोटाला चिमटा घेतला की पाय झटकन पोटाशी जातो. मालकीणबाईंचा चेहरा उजळतो आणि माझी पंचाईत होते. कारण पाय आखडणं वेगळं, दुखणं कळणं वेगळं.

गरम तव्याला हात लागला की आपण तो आधी मागे घेतो, ‘आई गं’ नंतर म्हणतो. चटक्याची खबर मज्जारज्जूत पोहोचते आणि तिथूनच मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी, स्नायू आकसायला लावतात. मेंदूकडे जाणारी वाट निराळी. डॅशहंडच्या मणक्यांमधली चकती पाठीच्या मध्यावर फुटून मज्जारज्जू दाबला गेला, तर ती वाट बंद पडते. खालचा कारभार मात्र सुरूच राहतो. मेंदूशी संबंध तुटलेल्या कुत्र्याची कूस चोळली तरी त्याचा मागचा पाय खाजवू लागतो, हे चार्ल्स शेरिंग्टन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच दाखवलं होतं.

म्हणून चिमटा काढताना पशुवैद्यानं पायाकडे नाही, तोंडाकडे पाहायचं. मान वळते का, ती कण्हते का, चावायला धावते का?

दुसरं साधन रबरी हातोडी. गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच मारलं की पाय पुढे उडतो. या क्रियेचं ठाणं मज्जारज्जूच्या कमरेकडच्या भागात आहे. पाय लुळे असूनही तो नेहमीइतका किंवा जास्तच जोरात उडाला, तर ठाणं शाबूत आहे. बिघाड त्याच्या वर कुठेतरी आहे आणि मेंदूकडून येणारा लगाम सुटला आहे. पाय उडालाच नाही आणि स्नायू सैल पडले असतील, तर बहुधा इजा ठाण्यालाच किंवा तिथून निघणाऱ्या नसांना झालेली असते. असे स्नायू पुढच्या काही आठवड्यांत झिजतात. अर्थात, म्हाताऱ्या कुत्र्यात ही उडी मुळातच मंद असू शकते, आणि घाबरून ताठ झालेल्या कुत्र्याची परीक्षा घेणं म्हणजे वैतागच.

एवढ्या खटाटोपाचं कारण असं : पाय लुळे असले तरी खोल वेदना कळत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दहातली साधारण नऊ कुत्री पुन्हा चालतात. कळत नसेल, तर जेमतेम निम्मी. यातल्या काहींमध्ये मज्जारज्जू आतून विरघळत जातो. काल उडणारा पाय आज उडेनासा होतो. ती फार वाईट खूण.

असं कुत्रं आणताना पाठ वाकू न देता फळीवर आणावं. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरू शकतं. लघवी झाली का, तेही पाहून ठेवावं, कारण मूत्राशय तुंबतं.

आमच्या डॅशहंडनं दुसऱ्या चिमट्याला नुसता पाय ओढला. तिसरा चिमटा जरा जोरात काढला, तेव्हा मान वळवून तिनं माझ्यावर दात विचकले. मालकीणबाई तिला रागावल्या. मी तेवढ्यात एमआरआयची चिठ्ठी लिहायला घेतली होती.