बर्फाविना बर्फावरची हॉकी

एप्रिलमधल्या दुपारी अंबरनाथ स्टेशनबाहेर बर्फाचा गोळा तुम्ही खाल्लाच असेल. अर्धा गोळा तोंडात जातो, अर्धा पाणी होऊन कोपरापर्यंत ओघळतो. अशा गावात कोणी बर्फावर हॉकी खेळू म्हणाले तर तुम्ही हसाल. हसण्याआधी थोडे गणित करू.

या खेळाचे मैदान साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते. त्यावर ३ सेंटिमीटर जाडीचा थर हवा, म्हणजे सुमारे ५० टन बर्फ. एक किलो पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणायला ३० किलोकॅलरी, आणि गोठवायला आणखी ८० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एकूण ५५ लाख किलोकॅलरी, म्हणजेच सुमारे ६,४०० युनिटे! चांगले शीतयंत्र त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या विजेत हे काम करील. तरी महिन्याला २०० युनिटे जाळणाऱ्या घराची ती दहा महिन्यांची वीज झाली. शिवाय बदलापूरचे ऊन बर्फ रोज वितळवणार, ते वेगळेच.

लडाखमधल्या मुलांना हे बिल येत नाही. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात. सपाट जागेवर रात्री पाणी सोडून थरावर थर गोठवूनही मैदान करतात. अशा बर्फावर तयार झालेल्या लडाखी मुलींच्या बळावर भारताच्या महिला संघाने २०२५ साली आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.

आता प्रश्न असा, की बर्फावर माणूस घसरतो का? जुन्या पुस्तकांत उत्तर असे, की पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो. मीही कित्येक वर्षे वर्गात हेच सांगत असे. एका विद्यार्थ्याने आकडे मागितले, तेव्हा फळ्यावर मांडून पाहिले. मुलाचे वजन ४५ किलो, पाते टेकते ती जागा सुमारे २ चौरस सेंटिमीटर. दाब झाला साधारण २२ वातावरणांइतका. एका वातावरणाच्या दाबाने बर्फाचा द्रवणांक जेमतेम ०.००७५ अंशाने उतरतो. म्हणजे सगळा मिळून ०.१७ अंश! उणे १० अंशांवरचा बर्फ याने कसा वितळावा?

खरे कारण दुहेरी आहे. बर्फाच्या पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने शेजारी नसतात. त्यामुळे ते सैल राहतात आणि द्रवासारखा अतिशय पातळ थर बनतो. १८५० साली मायकेल फॅरडेने हे सुचवले होते. दुसरे, पाते घासताना उष्णता निर्माण होते आणि त्या थरात भर पडते. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फाचा तुकडा ओल्या बोटाला चिकटतो, दोन मिनिटांनी तोच निसटतो. फार थंड बर्फ तितकासा निसरडा नसतो, हे यावरून ध्यानात येईल.

पण नुसत्या निसरडेपणाने पुढे जाता येत नाही. पाय रेटायला काही तरी घट्ट लागते. पाते लांबीच्या दिशेने सहज सरकते, आडव्या दिशेने मात्र बर्फात रुतते. म्हणून खेळाडू पाय तिरका करून बाजूला रेटा देतो आणि पुढे जातो. न्यूटनचा तिसरा नियमच हा!

आता बुटाखाली एका ओळीत बसवलेली चार चाके आठवा. चाक पुढे फिरते, आडवे मात्र घासते. गुण तोच! म्हणूनच चाकांवरची हॉकी सिमेंटच्या गुळगुळीत मैदानावर खेळता येते. फरक थांबण्यात आहे. बर्फावर पाते आडवे केले की बर्फ खरवडला जातो आणि खेळाडू थांबतो; चाकांवर ही युक्ती इतकी सोपी नाही. ती बर्फावर गेल्यावर नव्याने शिकावी लागते. रेटा देण्याची आणि तोल सांभाळण्याची सवय मात्र अंगात आधीच मुरलेली असते.

तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलांनो, आपल्याकडे बर्फ नाही म्हणून वाट बंद झाली असे समजू नका. हेल्मेट आणि गुडघ्यांची ढोपरपट्टी बांधून चाकांवर उभे राहा. आणि जाता जाता एक कोडे: दोन्ही पाय अगदी समांतर ठेवून, कशालाही न रेटता, तुम्हाला पुढे जाता येईल का? करून पाहा आणि कारण आपल्या शिक्षकांना सांगा.