घरातील वाय-फायचा कणा : राउटरची निवड आणि मांडणी

घरात किंवा दुकानात इंटरनेट रखडू लागले की दोष बहुधा सेवा पुरविणाऱ्या कंपनीला दिला जातो. परंतु बाहेरून आलेली फायबरची तार आणि हातातील मोबाइल यांच्यामध्ये जो राउटर असतो, त्याची निवड किंवा जागा चुकली असली तरीही अनुभव तोच येतो. बाहेरून मिळालेल्या एकाच आयपी पत्त्यावर घरातील सर्व उपकरणांचा व्यवहार चालवणे आणि आलेले प्रत्येक उत्तर नेमक्या उपकरणाकडे पोचवणे हे राउटरचे मूळ काम असून, वाय-फायच्या लहरी सोडणे हे त्याला जोडून आलेले दुसरे काम आहे.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांनी ग्राहकाची सर्वाधिक फसगत होते. ‘एसी १२००’ या नावातील बाराशे हा आकडा २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरील ३०० आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरील ८६७ एमबीपीएस या कमाल वेगांची ढोबळ बेरीज असतो, आणि तेवढा वेग कोणत्याही एका मोबाइलला कधीच मिळत नाही. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, या नावाच्या काही स्वस्त राउटरांना तार जोडण्याच्या खोबण्या, म्हणजे पोर्ट, केवळ १०० एमबीपीएसच्याच असतात. त्यामुळे २०० एमबीपीएसच्या योजनेचे पैसे भरणाऱ्या कुटुंबाच्या हाती जेमतेम निम्मा वेग लागतो. म्हणून पोर्ट ‘गिगाबिट’ आहेत ना, हे आधी पाहावे.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींपलीकडे बऱ्यापैकी पोचतात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ अशा तीनच मानल्या जात असल्याने दाट वस्तीच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या राउटरांची तेथे गर्दी होते. ५ गिगाहर्ट्‌झवर वेग अधिक मिळतो, मात्र सिमेंटची किंवा कोकणातील जांभ्या चिऱ्याची जाड भिंत आड आली की तो झपाट्याने घटतो. तार जेथून घरात शिरते तेथेच, दारामागे किंवा टीव्हीच्या कपाटात, राउटर ठेवण्याची पद्धत म्हणूनच चुकीची आहे. तो घराच्या मध्यभागी, उंचावर आणि लोखंडी कपाटापासून दूर असावा. मोठ्या घरात दूरच्या खोलीसाठी दुसरे उपकरण लागलेच, तर ते लॅनच्या तारेने जोडणे उत्तम.

सुरक्षेची हेळसांड तर अक्षम्यच म्हणावी लागेल. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन अमेरिकेतील अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास ठप्प केली होती. वाय-फायचा पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड हे दोन वेगळे असतात, व दुसरा बदलायचाच राहून जातो. डब्ल्यूपीए २ किंवा ३ ही संरक्षणपद्धती निवडावी, राउटरची अंतर्गत प्रणाली अद्ययावत ठेवावी आणि दुकानात ग्राहकांना ‘गेस्ट’ जाळे देऊन बिलिंगचा संगणक त्यापासून अलग ठेवावा.

वीज गेल्यावरही फायबरची जोडणी बहुधा चालू राहते, कारण वाटेतील प्रकाशविभाजकांना वीज लागत नाही. बंद पडतात ती घरातील उपकरणे. त्यांच्यासाठी छोटा यूपीएस घेताना त्याचे व्होल्ट अडॅप्टरवर छापलेल्या व्होल्टशी तंतोतंत जुळले पाहिजेत, आणि फायबरचा डबा वेगळा असल्यास त्यालाही त्याच यूपीएसवर जागा मिळाली पाहिजे.