ओहोळाची प्रकृती

पेणच्या पूर्वेचे डोंगर घ्या, नाहीतर रोह्याकडचे फणसाडचे रान घ्या. पावसाळ्यात जिकडे तिकडे ओहोळ. दिवाळी सरली की बरेचसे आटू लागतात. जे उरतात, त्यांच्यावर वाडीचा जीव. चैत्रात बायामाणसे पात्रात डवरा खणतात नि वाटीवाटीने हंडा भरतात. कातकरी मंडळी तिथलेच मासे, खेकडे धरतात.

हा ओहोळ निरोगी आहे की आजारी, हे कसे ओळखावे? पाणी नितळ दिसते, एवढ्यावर जाऊ नये. विषारी पाणीसुद्धा नितळ असू शकते. आपण असे करू. पाणी खळाळते तिथला एक दगड हळूच उलटा करू. खाली चपटे, शेपटीला तीन केस असलेले किडे सरसर पळतील. दुसरे किडे वाळूचे कण जोडून घर बांधतात नि त्यातच राहतात. गवंडीच म्हणा ना! या जिवांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू भरपूर लागतो. पाण्यात घाण कुजू लागली, की तो प्राणवायू संपतो. मग हे किडे आधी जातात. उरतात ते गाळातले लाल, सुतासारखे किडे. त्यांचे थोड्या प्राणवायूवर भागते. लालच वाढले, तर वरच्या अंगाला काहीतरी बिघडले आहे खास.

मात्र चांगले किडे सापडले तरी पिण्याचे पाणी उकळावेच. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. आणि दगड होता तसा परत ठेवावा, बरे का! ते कुणाचे तरी घर आहे.

दर महिन्याला त्याच जागी पाहावे, तारखेसह वहीत लिहावे. शाळेतली पोरे हे काम हौसेने करतील.

बिघाड होतो कशाने? काठची झाडे तोडली, की पाणी तापते. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. कुणी फवारणीचा पंप ओहोळात धुतो. पण आम्हांला सगळ्यांत वाईट वाटते ते मासे मारायला ब्लीचिंग पावडर टाकणे. एका रात्रीचे कालवण होते, पण पिल्ले, किडे, खेकडे सगळेच मरते. सुरुंग नि विष घालून मासे मारणे १८९७ सालच्या कायद्यानेच गुन्हा ठरवले होते.

हेच ओहोळ पुढे नदीला मिळतात. रोह्याच्या कुंडलिकेकाठी, धाटावला, रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तिथे दगड उलटून भागत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करता येते. अर्जात जागा, दिवस, वेळ, पाण्याचा रंग नि वास लिहावा. वही असली की हे आठवत बसावे लागत नाही.