रविवारच्या हुंड्या

न्यू जर्सीत माझ्या भाचीच्या घरी काही महिने राहण्याचा योग आला, त्या वेळी रविवारी सकाळी मी चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच ती वर्तमानपत्राचा जाडजूड गठ्ठा टेबलावर उलगडत असे आणि बातम्यांची पाने बाजूला सारून आतल्या गुळगुळीत रंगीत पुरवण्यांवर कात्री चालवू लागत असे. सुशिक्षित, कमावत्या बाईने कागदाच्या चिठोऱ्यांसाठी अर्धी सकाळ खर्ची घालावी याचे मला प्रारंभी नवल वाटले. परंतु पुढे तिच्यासोबत बाजारहाट करू लागल्यावर उमगले की, तो एक शिस्तबद्ध जमाखर्च होता.

ती कापत असे ते कूपन म्हणजे वस्तुतः एक चिमुकली हुंडीच होय. ओट्स, साबण, टूथपेस्ट यांसारख्या वस्तूंचा उत्पादक त्या कागदावर अमुक जिनसाच्या किमतीत इतके सेंट सूट द्यावी असे दुकानदारास लिहून देतो. दुकानदार त्याबरहुकूम सूट देऊन कागद गल्ल्यात ठेवतो. आणि असे गठ्ठेच्या गठ्ठे छाननीकेंद्राकडे रवाना करून दर्शनी रक्कम, शिवाय प्रत्येक कूपनामागे हाताळणीचे साधारणतः ८ सेंट, उत्पादकाकडून वसूल करतो. हुंडीप्रमाणेच त्याला मुदत असते, अटी असतात, आणि त्या न वाचणाऱ्याची फजिती ठरलेली असते.

ही प्रथा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८८७ च्या सुमारास अटलांटा शहरात कोका-कोलाचा एक पेला मोफत देणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या जाऊ लागल्या, आणि पुढे त्या पेयाचे मालक झालेले एसा कँडलर यांनी त्या युक्तीचा इतका सपाटा लावला की, ५ सेंटांचे ते पेय गावोगाव परिचित झाले. पुढे सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी आपल्या तृणधान्यांच्या खाद्यपदार्थांवर १ सेंट सुटीचे कूपन काढले. आणि १९३० नंतरच्या महामंदीत, जेव्हा एकेका सेंटाला मोल आले, तेव्हा कात्री घेऊन बसणे हा असंख्य अमेरिकन गृहिणींचा नित्यक्रम झाला.

उत्पादक किंमतच का उतरवीत नाही, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. किंमत उतरवली तर ती सर्वांसाठीच उतरते. कूपन काढले तर ज्याला दोन पैशांची फिकीर नाही तो पूर्ण दाम मोजतो आणि ज्याला आहे तो कापण्या-जपण्याचे श्रम घेऊन कमी दाम देतो. म्हणजे एकाच वस्तूला दोन भाव, आणि त्यांतला कोणता आपल्या वाट्याला यावा हे ठरवणारी चाळणी म्हणजे आपले कष्ट.

एका जिनसास उत्पादकाचे एकच कूपन चालते, म्हणून चार डबे हवे असतील तर कूपनेही चार लागतात. जादा कूपनांचा सारा खटाटोप येथून सुरू होतो. शेजाऱ्यांनी न वाचता टाकलेल्या पुरवण्या मागून घ्याव्यात, ग्रंथालयातील देवघेवीची पेटी पाहावी, दुकानातील फळ्यांवर लटकणाऱ्या वह्यांतून हवे ते पान फाडून घ्यावे, पावतीच्या पाठोपाठ यंत्रातून निघणारे कागद जपावेत, आणि एखादा पदार्थ मनापासून आवडला तर उत्पादकास तसे पत्र लिहावे. उत्तरासोबत पुष्कळदा कूपने येतात.

एकदा ओट्सच्या डब्याचा प्रसंग आला. नेहमीचा भाव ३ डॉलर ५० सेंट. त्या आठवड्यात तो २ डॉलरवर उतरला होता. भाचीजवळ उत्पादकाचे ५० सेंटांचे कूपन होते, आणि ते दुकान अशी लहान कूपने स्वतःच्या पदरच्या खर्चाने दुप्पट करत असे. त्यावर दुकानाच्या स्वतःच्या पत्रकातले २५ सेंटांचे कूपनही त्याच डब्यावर लागू होते. डबा ७५ सेंटांना पडला. मी उत्साहाने म्हटले, “मग आणखी तीन पेपर घेऊ या की!” ती हसली. “मावशी, पेपर दोन डॉलरला पडतो. सहा डॉलर घालून तीन डॉलर वाचवायचे, हा कुठला हिशेब?” त्याच पुरवणीत घरात हमखास लागणाऱ्या आणखी पाच-सात वस्तू असतील तरच ती जादा अंक विकत घेई, एरवी शेजारच्या आजीबाईंकडून येणाऱ्या पुरवणीवर तिचे भागत असे.

या विद्येच्या मर्यादाही तिने मला दाखवल्या. कूपने बहुतांशी नाममुद्रेच्या, डबाबंद मालावर निघतात. तूरडाळ, तांदूळ, कोथिंबीर यांवर ती क्वचितच दृष्टीस पडतात, म्हणून आमच्या वरणभाताला त्यांचा थेट उपयोग नव्हता. पण साबणावर आणि टूथपेस्टवर जे वाचे ते डाळीच्या खात्यात वळते होई. शिवाय कूपनाची छायाप्रत काढणे म्हणजे खोटी हुंडी वटवणे, आणि जिन्नस सोडून सुटीच्या मागे लागणे म्हणजे कोठार भरून खिसा रिता करणे. म्हणून आधी आठवड्याची यादी मराठीत लिहून शीतकपाटावर लावायची आणि मगच कात्री उचलायची, हा तिचा दंडक होता. आता पुष्कळशी कूपने भ्रमणध्वनीवर येतात आणि कात्रीचे काम बोट करते. परंतु स्मार्टफोन न वापरणाऱ्या वृद्धांना त्या सुटीला मुकावे लागते, हे मला अन्यायाचे वाटते, आणि यादीचा दंडक तर बोटालाही तितकाच लागू आहे.

महिनाअखेरीस ती मुदत संपलेली कूपने वेगळी काढून एका जाड पाकिटात भरत असे. वाया गेलेल्या सुटीबद्दल तिच्या तोंडून मी कधी हळहळ ऐकली नाही. जी वस्तू यादीत नव्हती तिच्यावरची सूट गेली, म्हणजे आपले काही गेले, असे ती मानतच नसे. ते पाकीट परदेशांतील तळांवर राहणाऱ्या अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांकडे जाई, कारण तेथील लष्करी भांडारांत कूपन मुदतीनंतरही सहा महिने स्वीकारले जाते. आमच्या टेबलावर बाद ठरलेली ती हुंडी समुद्रापलीकडच्या कुणा अनोळखी घरी वटणार होती, आणि म्हणून पाकिटावर पत्ता लिहिताना तिचे अक्षर नेहमीपेक्षा अधिक ठसठशीत येत असे.