व्यावसायिक संगणक प्रणालींतील दुबार नोंदीचा दोष : स्वरूप, कारणे व निवारण

प्रस्तावना

खरेदी-विक्री, लेखाकर्म, वेतन व साठा यांच्या नोंदी आज बहुतेक संस्था संगणक प्रणालींत ठेवतात. नवी नोंद करताना 'अशी नोंद आधीच अस्तित्वात आहे' असा संदेश येऊन काम थांबणे, हा या प्रणालींतील नित्याचा अनुभव होय. टॅलीतील 'डुप्लिकेट एंट्री', मायएसक्यूएलमधील 1062 आणि ओरॅकलमधील ओआरए-00001 हे संदेश ही त्याची परिचित रूपे आहेत. प्रस्तुत लेखात नायगाव या स्थलनामाच्या आधारे या दोषाचे विवेचन केले आहे.

दोषाचे स्वरूप

ई. एफ. कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलनुसार तक्त्यातील प्रत्येक नोंद एका निश्चित ओळखखुणेने वेगळी करता आली पाहिजे. या ओळखखुणेस 'प्रायमरी की' म्हणतात. तेच मूल्य दुसऱ्यांदा आल्यास प्रणाली नोंद नाकारते. म्हणजेच ती नेमून दिलेला नियम पाळत असते. नियम ठरविताना योग्य ओळखखूण निवडली होती काय, हा खरा प्रश्न आहे.

दोषाची कारणे

पहिले कारण अपुरी ओळखखूण. मुंबईत दादरलगत नायगाव आहे, वसई तालुक्यात नायगाव रेल्वे स्थानक आहे, सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव सातारा जिल्ह्यातील नायगाव आहे, तर नांदेड जिल्ह्यात नायगाव तालुका आहे. समजा, एखाद्या संस्थेच्या खातेवहीत मुंबईतील 'नायगाव शाखा' आधीच नोंदलेली आहे. वसईची शाखा त्याच नावाने नोंदविता येणार नाही. अशा वेळी नावापुढे टिंब किंवा '2' जोडून वाट काढली जाते आणि पुढे कोणते खाते कोणाचे, हे उलगडत नाही.

दुसरे कारण याच्या उलट आहे. 1962 च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळला. तरी जुन्या कागदपत्रांत 'नायगांव' आढळते. वाचकास दोन्ही एकच, परंतु अक्षरशः तुलना करणाऱ्या प्रणालीस ती भिन्न वाटतात. येथे संदेश येत नाही आणि दुबार खाते निमूटपणे तयार होते.

तिसरे कारण अनुक्रमांकाच्या मांडणीत असते. जुनी माहिती नव्या प्रणालीत आणल्यावर क्रमांक देणारा गणक मागेच राहिला, तर तो वापरलेलेच क्रमांक पुन्हा देऊ लागतो.

निवारणाची पद्धत

प्रथम संदेशातील तक्ता, ओळखखूण व मूल्य टिपावे. नंतर आधीची नोंद शोधून तिचे इतर तपशील नव्या नोंदीशी ताडून पाहावेत. दोन्ही एकाच व्यक्तीच्या वा संस्थेच्या असतील, तर सर्व व्यवहार एका खात्यात वर्ग करून मगच दुसरे बंद करावे. त्या भिन्न असतील, तर गाव, तालुका व जिल्हा अशी संयुक्त ओळखखूण किंवा स्वतंत्र संकेतांक योजावा. दोष गणकाचा असेल, तर तो सर्वांत मोठ्या वापरलेल्या क्रमांकाच्या पुढे न्यावा. प्रत्येक बदलापूर्वी माहितीची प्रत काढून त्या प्रतीवर चाचणी घेणे आवश्यक आहे.

संकेतांकाचा मार्ग टपालखात्याने फार पूर्वी चोखाळला. सारख्या स्थलनामांमुळे होणारा गोंधळ टाळण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. मुंबईचा पिनकोड 400 ने, तर वसईचा 401 ने सुरू होतो. मात्र पिनकोड वाटप करणारे टपाल कार्यालय दर्शवितो, ग्राहक नव्हे; म्हणून ग्राहकासाठी तो एकटा पुरेसा ठरत नाही.

समारोप

टॅलीत देयक क्रमांकांची पुनरावृत्ती रोखणारा पर्याय बंद करता येतो. त्याने संदेश थांबतो, परंतु एकच देयक दोनदा नोंदले जाण्याचा व दोनदा फेडले जाण्याचा धोका उरतो. याउलट घाईने 'दुबार' नोंद पुसल्यास एखाद्याची खरी येणी नाहीशी होतात. वाणिज्य व संगणक विषयांच्या अध्यापनात आज्ञावलींसोबत 'दोन नोंदी एकाच्याच आहेत, हे कशावरून?' हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे म्हणूनच अगत्याचे आहे.